गाडी घाटात मान टाकते? टर्बो उतरवण्याआधी बूस्टचा लगाम तपासा

गिऱ्हाईक गाडी दारात लावतं आणि खाली उतरायच्या आधीच निकाल सांगतं, "टर्बो गेला." मग हकीकत येते. नाशकात गाडी ठीक चालते. मुंबईहून येताना कसारा घाट लागला, पुढे कंटेनर होता, ओव्हरटेकसाठी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि गाडीने मान टाकली. इंजिनाचा दिवा लागला, आरपीएम अडीच-तीन हजारांच्या वर जाईना. बाजूला घेऊन पाच मिनिटं बंद ठेवली, पुन्हा चालू केली, तर इगतपुरीपर्यंत जणू काही झालंच नाही.

ही शेवटची ओळ मी नेहमी दोनदा विचारून घेतो. खरंच मेलेला टर्बो चावी फिरवून जिवंत होत नाही. बंद-चालू केल्यावर गाडी ठीक पळत असेल तर टर्बो बहुधा शाबूत आहे. बिघडलंय ते त्याला आवरणारं काहीतरी: एखादा पाइप, एखादा व्हॉल्व्ह, एखादा रॉड. ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, मागितलेलं हवेचं प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं प्रेशर जुळलं नाही, म्हणून त्याने इंजिन वाचवायला स्वतःच ताकद कापली. याला लिंप मोड म्हणतात.

आता हा लगाम कसा चालतो ते आधी पाहू. पाने उचलायची घाई नको.

टर्बोला आवरावं का लागतं

सायलेन्सरकडे निघालेला गरम गॅस टर्बाइन फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. या वाढीव दाबालाच बूस्ट म्हणतात. छोट्या गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. गोम अशी की हे चक्र स्वतःलाच ढकलतं. हवा जास्त तर इंधन जास्त, इंधन जास्त तर गॅस जास्त, गॅस जास्त तर टर्बो आणखी जोरात आणि मग पुन्हा हवा जास्त. मोकळं सोडलं तर पेट्रोल इंजिन नॉक करायला लागेल, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके पडतील, डिझेलमध्ये सिलेंडरचं प्रेशर हाताबाहेर जाईल, नाहीतर टर्बोच फुटेल.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने टर्बोचं पेटंट १९०५ साली घेतलं, पण साध्या गिऱ्हाइकाच्या कारमध्ये टर्बो यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरच्या टर्बोला वेस्टगेट होतं. म्हणजे टर्बो कारमध्ये आला तो लगामासकट आला.

आजच्या गाड्यांत लगामाच्या दोन मुख्य तऱ्हा दिसतात. पहिली वेस्टगेटची. टर्बाइनला वळसा घालून जाणारी एक चोरवाट आणि तिच्यावर झडप. झडप उघडली की थोडा गॅस टर्बाइनला न फिरवताच सायलेन्सरकडे पळतो. ती उघडायला पत्र्याचा डबा असतो, आत पडदा आणि स्प्रिंग. कॉम्प्रेसरचंच प्रेशर एका पाइपाने डब्यात येतं, स्प्रिंग दाबली जाते, रॉड सरकतो, झडप उघडते. दुसरी तऱ्हा व्हीजीटीची, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोची. इथे चोरवाट नसते. टर्बाइनभोवती फिरत्या पात्यांचं कडं असतं. पाती मिटली की वाट अरुंद होते, गॅस जोरात आदळतो आणि कमी आरपीएमलाही बूस्ट मिळतो. उघडली की गॅस मोकळा जातो आणि बूस्ट उतरतो. बागेत पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर बोट धरतो, तसंच. या पात्यांना हलवणारा डबा बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूमवर चालतो. नव्या गाड्यांत त्याच्या जागी मोटर आली आहे.

दोन्हींच्या मध्ये बसतो सोलेनॉइड व्हॉल्व्ह. ईसीयू त्याला सेकंदाला कित्येकदा चालू-बंद करून डब्यापर्यंत किती प्रेशर किंवा किती व्हॅक्यूम पोचू द्यायचं ते ठरवतो. इनटेकवर बसलेला मॅप सेन्सर प्रत्यक्ष प्रेशर सांगतो, ईसीयू ते मागणीशी ताडून बघतो आणि सोलेनॉइडची टक्केवारी वरखाली करतो. दिवसभर हेच चालू असतं.

आता कागदावर लिहून भिंतीला चिकटवावी अशी गोष्ट. प्रेशरवर चालणाऱ्या वेस्टगेटचा पाइप फाटला तर डब्यात प्रेशर पोचत नाही, झडप मिटलेलीच राहते आणि बूस्ट वाढतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीचा पाइप फाटला तर पाती उघडीच राहतात आणि बूस्ट पडतो. दोष तोच, पण निकाल उलटा. म्हणून गाडीत कोणती तऱ्हा आहे हे कळल्याशिवाय पुढचं काही करू नका.

पायरी पहिली: तऱ्हा ओळखा

बॉनेट उघडा, टर्बोजवळचा डबा शोधा. डब्याऐवजी वायरचा प्लग लागलेली मोटर असेल तर ॲक्च्युएटर, म्हणजे रॉड हलवणारा भाग, इलेक्ट्रॉनिक आहे. तिथे हाताने रॉड ढकलायला जाऊ नका, ती तपासणी स्कॅनरवरूनच करायची. बारीक पाइप लागलेला डबा असेल तर एकाला सेल्फ मारायला सांगा आणि रॉडवर टॉर्च मारा. इंजिन सुरू होताच रॉड ओढला गेला आणि बंद केल्यावर सावकाश परत आला, तर बहुतेक वेळा तो व्हॅक्यूमचा व्हीजीटी असतो. आयडलला रॉड ढिम्म असेल तर प्रेशरचा वेस्टगेट. काही नव्या पेट्रोल गाड्यांत वेस्टगेटही व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून पाइप कुठून येतो तेही बघा: कॉम्प्रेसरच्या तोंडातून येतो की व्हॅक्यूम पंपाकडून.

इंजिनाच्या नावावर विसंबू नका. स्विफ्टमधलं ७५ पीएसचं आणि एर्टिगामधलं ९० पीएसचं ही दोन्ही एकाच घराण्यातली १.३ लिटरची डिझेल इंजिनं, पण पहिल्याला साधा वेस्टगेट टर्बो आणि दुसऱ्याला व्हीजीटी.

पायरी दुसरी: इंजिन बंद ठेवून पहिला आकडा घ्या

ही पायरी लोक वगळतात आणि मग दोन दिवस भटकतात. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर मॅप सेन्सर बघा. इंजिन फिरत नाही म्हणजे आत आणि बाहेर सारखंच प्रेशर. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे हा आकडा ९३ ते ९५ किलोपास्कलच्या आसपास हवा. मुंबईत तोच १०० ते १०१ येईल. इथे उभ्या गाडीत १०३ दिसत असेल किंवा ८५ दिसत असेल, तर सेन्सर खोटं बोलतोय किंवा काजळीने बुजलाय. खोट्या साक्षीदारावर खटला चालवू नका, आधी सेन्सर काढून साफ करा आणि पुन्हा बघा.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे. मॅप सेन्सर एकूण प्रेशर मोजतो, म्हणजे बाहेरची हवा अधिक टर्बोची भर. ईसीयूने २२० किलोपास्कल मागितले तर मुंबईत टर्बोला हवा २.१८ पट दाबावी लागते, नाशकात २.३४ पट. त्यात एअर फिल्टर चोंदला आणि कॉम्प्रेसरमध्ये हवा शिरते तिथे ९० च राहिले, तर २.४४ पट. सिंहस्थ जवळ आला की शहरभर रस्ते खोदले जातात. त्या धुळीत कंपनीच्या पुस्तकातल्या मुदतीची वाट बघत फिल्टर चालवणं म्हणजे टर्बोकडून फुकटची ओव्हरटाइम करून घेणं. फिल्टर आधी काढून बघा, मग बाकी सगळं.

पाचशे-हजारात मिळणाऱ्या ब्लूटूथ डोंगलवर मॅपचा आकडा दिसतो, पण एक खोड लक्षात ठेवा: गाडीच्या तपासणी सॉकेटमधून (ओबीडी) येणाऱ्या साध्या आकड्याची मर्यादा २५५ किलोपास्कल असते. त्यापुढे खरं प्रेशर किती का असेना, मोबाइलवर २५५ च दिसत राहील. शिवाय ईसीयूची मागणी किती होती हे बहुतेक डोंगल सांगत नाहीत, त्याला कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो.

साठवलेले कोडही लिहून घ्या, पुसू नका. पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी ०२३४ म्हणजे बूस्ट जास्त. कोड फक्त तक्रार सांगतो. पी ०२९९ दिसला म्हणून टर्बो बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. कोडसोबत जो फ्रीझ डेटा असतो, म्हणजे त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, लोड किती, तो खरा कामाचा.

पायरी तिसरी: पाइप

टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या मोठ्या होजपासून सुरू करा. जोडावर तेलकट काळा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर तिथून हवा सुटतेय. होज हाताने पिळून बघा. वरून ठणठणीत दिसणारी होज खालच्या बाजूला, जिथे ती ब्रॅकेटला घासते, तिथे चिरलेली असते. स्मोक मशीन असेल तर उत्तम. नसेल तर इनटेकचं तोंड बंद करून गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरने अगदी हळू द्या, अर्ध्या बारच्या वर नको, आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडा आला की चोर सापडला. होज ढिली असेल आणि लोडवर पूर्ण निसटत असेल तर शिट्टी नाही, "फस्स" आवाज येतो आणि मागे काळा धूर.

इंटरकूलरच्या पाइपात थोडं तेल ओलसर असतंच, घाबरू नका. पण पाइप उलटा केल्यावर तेल ओतलं जात असेल तर थांबा. टर्बोचं सील गेलं असेल तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटू शकतं, आणि मग चावी काढूनही बंद होत नाही. अशी गाडी टोइंगनेच आणावी.

आता बारीक व्हॅक्यूम पाइप. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एक सात सीटर डिझेल आली, तक्रार वर सांगितली तीच. मी रॉड बघितला, छान हलत होता. व्हॅक्यूम बघितला, ठीक होता. स्कॅनरवर बूस्ट कमीचा कोड. अंबडच्या एका दुकानातून दुरुस्त केलेला टर्बो आणून बसवला. तिसऱ्या दिवशी गाडी परत दारात, पुन्हा घाटातूनच. मग मी बॉनेट उघडं ठेवून एकाला ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच हलका सोडायला सांगितलं. इंजिन माउंटिंगवर मागे कललं, आणि बॅटरीच्या ट्रेखाली व्हॅक्यूम पाइप एका पत्र्याच्या कडेवर ताणला गेला. तिथे नखाएवढी चीर होती. इंजिन सरळ उभं असताना ती मिटलेली, लोड आला की उघडी. उभ्या गाडीत मी तासभर तपासत बसलो असतो तरी सापडली नसती. पाइप बदलला दीडशे रुपयांत. टर्बोचे पैसे गिऱ्हाइकाला परत केले. तो जुना, धडधाकट टर्बो अजून माझ्या मांडणीवर आहे.

तेव्हापासून व्हॅक्यूम पाइप मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपतो. डोळ्यांवर विश्वास नाही.

पायरी चौथी: डबा आणि रॉड

हँड व्हॅक्यूम पंप घ्या, गेज लागलेला. आधी गाडीचा स्वतःचा व्हॅक्यूम मोजा. इथे पुन्हा उंची आडवी येते. समुद्रकिनाऱ्यावर हवेचं वजन ३० इंच पाऱ्याला जवळजवळ टेकतं, नाशकात सुमारे २८. म्हणून इथे गेजवर २८ च्या वर काटा कधीच जाणार नाही, आणि २४-२५ दाखवणारा पंप निरोगी समजावा. किनाऱ्यावरचा २७ चा आकडा धरून इथल्या गाडीचा पंप बाद ठरवू नका.

मग डब्याचा पाइप काढून हँड पंप लावा. दट्ट्या हळू ओढत जा. साधारण ५ इंचांच्या आसपास रॉड हलायला लागतो आणि १८-२० पर्यंत पूर्ण ओढला जातो. नेमका आकडा गाडीप्रमाणे वेगळा, तो मॅन्युअलमधून घ्या. तुम्हाला तीन गोष्टी बघायच्यात. रॉड गुळगुळीत सरकतो की अडकत-अडकत? ओढल्यावर एक-दोन मिनिटं काटा तिथेच राहतो की खाली येतो? आणि व्हॅक्यूम सोडल्यावर रॉड ताबडतोब परत येतो का? काटा उतरला तर पडदा फाटलाय. रॉड मध्येच अडकला तर पात्यांच्या कड्यात काजळी बसलीय.

प्रेशरच्या डब्याला हीच परीक्षा उलटी द्या: हलकी हवा द्या, एक बारच्या आतच, आणि रॉड कुठे सुरू होतो ते टिपा. नुसता रॉड हाताने हलवून बघा. झडपेच्या पिनेत खडखड असेल तर तिथून गॅस गळत राहतो आणि थंड इंजिनावर खुळखुळल्यासारखा आवाज येतो.

काजळी कुणाच्या टर्बोत बसते? कॉलेजरोड ते गंगापूररोड एवढंच फिरणाऱ्या डिझेलच्या. इंजिन नीट तापतच नाही, पाती एकाच जागी पडून राहतात. शनिवारी तीच गाडी नांदुरीहून वणीच्या गडावर चढायला लागली की पात्यांना पूर्ण हालचाल करावी लागते, आणि तिथे ती अडकतात. काजळी कमी असेल तर टर्बो उतरवून, खोलून साफ होतो. एक इशारा: पात्यांच्या किमान उघडीपीचा स्टॉप स्क्रू सील केलेला असतो, त्याला हात लावू नका. तो कंपनीत फ्लो बेंचवर सेट होतो, अंदाजाने नाही.

पायरी पाचवी: सोलेनॉइड

बहुतेकांच्या कॉइलचा रेझिस्टन्स १० ते २० ओहमच्या दरम्यान येतो. ओपन किंवा शॉर्ट दाखवला तर निकाल लागला. पण बरा ओहम दाखवणारा सोलेनॉइडही आतून चिकटलेला असू शकतो. स्कॅनरच्या ॲक्च्युएटर टेस्टने त्याला चालवा, टिकटिक ऐका, आणि डब्याकडच्या पाइपात गेज टाकून व्हॅक्यूम खरंच वरखाली होतो का ते बघा.

याला तीन तोंडं असतात: पंपाकडचं, डब्याकडचं आणि हवा सोडायचं. तिसऱ्या तोंडावर छोटा स्पंजाचा फिल्टर असतो, किंवा तो पाइप एअर फिल्टरच्या डब्यात जातो. धुळीने तो बुजला की व्हॅक्यूम वेळेत सुटत नाही, पाती मिटलेलीच राहतात आणि ॲक्सिलरेटर सोडताक्षणी बूस्टचा फणा निघतो, म्हणजे बूस्ट क्षणभर उसळतो. मग पी ०२३४. नवा सोलेनॉइड घेण्याआधी तो स्पंज झटकून बघा. आणि पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. दोन पाइप उलटे बसवून आलेल्या गाड्या मी वर्षातून दोन-तीन बघतोच.

पायरी सहावी: रस्त्यावर

गॅरेजमध्ये रेस देऊन बूस्ट कळत नाही. लोड हवा. एकाने चालवायचं, दुसऱ्याने लॅपटॉप धरायचा. एकट्याने दोन्ही करू नका. रिकामा, चढाचा रस्ता निवडा. तिसरा गिअर, १५०० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण, ३५०० पर्यंत. आरपीएम, बूस्टची मागणी, प्रत्यक्ष बूस्ट, सोलेनॉइडची टक्केवारी आणि हवेचं वजन मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा, हे पाच रेकॉर्ड करा.

द्राक्षाच्या पिकअपवाल्यांना हा दोष उशिरा कळतो. निफाड-पिंपळगावचा माल भरून गाडी वाशीला जाते तेव्हा घाट उतरायचा असतो. चढते ती रिकामी. परतीला भाडं मिळतं त्या दिवशी तक्रार येते.

ग्राफ वाचायला शिकायला वेळ लागतो, पण काही आकार ठरलेले आहेत. प्रत्यक्ष बूस्ट सुरुवातीपासून मागे आणि वरच्या आरपीएमला मागणीला गाठतो, टक्केवारी मात्र सतत कमाल: गळती, किंवा पाती पूर्ण मिटत नाहीत. सुरुवात झकास आणि वर गेल्यावर उतरतो: वेस्टगेटची स्प्रिंग कमजोर, फिल्टर चोंदलेला किंवा सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा कॅट-डीपीएफ तुंबलेला. ॲक्सिलरेटर सोडताना किंवा गिअर बदलताना फणा: चिकटलेली पाती किंवा तो स्पंज. करवतीसारखे दाते: रॉडचा सांधा ढिला, ईसीयू शोधत बसलाय.

आणि पाचवा आकार, जो सगळ्यात जास्त फसवतो: मागणीच खाली येते, आणि प्रत्यक्ष बूस्ट तिच्या मागोमाग अगदी शहाण्यासारखा उतरतो. इथे बूस्टचा काही दोष नाही. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांकडे जाणाऱ्या इंधनाचं प्रेशर, पडलंय, तापमान वाढलंय, पेट्रोलमध्ये नॉक होतोय किंवा हवेचा सेन्सर चुकतोय. ईसीयूने वेगळ्या कारणाने ताकद कापली. सातपूरला डिझेलचे इंजेक्टर-नोझल बनतात, या शहरात इंजेक्टर कळणारी माणसं भरपूर आहेत. अशा गाडीत टर्बो सोडा आणि त्यांच्याकडे जा.

हे मात्र करू नका

"रॉड दोन आटे आवळून देतो, पिकअप वाढेल," असं सांगणारे प्रत्येक नाक्यावर आहेत. रॉड आखूड केला की वेस्टगेट उशिरा उघडते, दोन दिवस गाडी खरंच पळते आणि मग पी ०२३४ घेऊन लिंपला जाते. मॅप सेन्सरच्या वायरमध्ये बसवायचा ट्युनिंगचा डबा तर त्याहून वाईट. तो ईसीयूला बूस्ट कमी आहे असं खोटं सांगतो. ईसीयू आणखी मागतो, आणि टर्बो खऱ्या मर्यादेच्या पलीकडे फिरत असताना कोडसुद्धा येत नाही. धोक्याची घंटा बंद करून मग घर पेटवण्याचा प्रकार आहे हा.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर काढला-बसवला असेल तर स्कॅनरवरून त्याला दोन्ही टोकांची ओळख पुन्हा करून द्या, नाहीतर नवा भागही चुकीचा वागतो. मग तोच रस्ता, तोच गिअर, तेच पाच आकडे, आणि जुना ग्राफ शेजारी ठेवून ताडा.

हा दुसरा ग्राफ जपून ठेवा. आमच्याकडे प्रत्येक बऱ्या झालेल्या गाडीचं वहीत एक पान आहे: चावी ऑनचा मॅप, आयडलचा व्हॅक्यूम, रॉड कुठे सुरू आणि कुठे संपला, २५०० आरपीएमला मागणी किती, मिळालं किती. पुढच्या वेळी तीच गाडी दारात आली आणि मालक उतरायच्या आधीच निकाल सांगू लागला, की मी आधी ते पान काढतो.